पहिला गोल होईपर्यंत

‘माझं काही बरंवाईट झालं ना, तर ते शून्य-शून्यला होईल. लिहून ठेव,’ असं दीनानाथकाका एकदा म्हणाले होते, आणि नसीम हसली होती. पुण्यातली माणसं अशीच बोलतात, मरणाबद्दल बोलतानाही समोरच्याचा वेळ फुकट जाणार नाही याची काळजी घेतात, असं तिला तेव्हा वाटलं होतं. ती एकवीस वर्षांची होती, बालेवाडीच्या फुटबॉल मैदानात पूर्वेकडच्या स्टँडमध्ये बसली होती आणि तिच्या मुठीत चहावाल्याकडून जवळजवळ हिसकावून आणलेली साखरेची पुडी होती. अर्धी साखर काकांच्या तोंडात गेली होती, अर्धी त्यांच्या सदऱ्यावर सांडली होती. पाच मिनिटांपूर्वी हाच माणूस डिसेंबरच्या थंडीत घामानं निथळत होता, आणि तिला ‘उल्का’ म्हणत होता. उल्का त्यांची नाशिकची भाची. त्याहून विचित्र म्हणजे, किती झालं असं मागच्या रांगेतून कुणीतरी विचारल्यावर ते म्हणाले होते, ‘दोन-एक.’ फळ्यावर ढळढळीत शून्य-शून्य होतं. मुठा युनायटेडचा एकेक सामना वहीत उतरवून ठेवणारा माणूस, पाच वर्षांपूर्वीच्या मैत्रीपूर्ण सामन्यातला बदली खेळाडू कितव्या मिनिटाला आला तेही सांगणारा माणूस, डोळ्यांसमोरचा गुणफलक चुकीचा वाचत होता. मागचे सगळे खो खो हसले. काकांनी विनोद केला असंच त्यांना वाटलं. नसीमला मात्र त्यांचे डोळे दिसले. ती मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होती, वडिलांना आठ वर्षं मधुमेह होता. तिनं कानाशी लागून विचारलं, ‘काका, इन्सुलिन घेता?’ साखर जिभेवर विरघळली, डोळे जागेवर आले, आणि काका म्हणाले, ‘हळू बोल. या गाढवांना कळलं तर मला घरी बसवतील.’ मग ते शून्य-शून्यचं वाक्य. मग वचन. कुणाला सांगणार नाही, अल्लाची शपथ, तुमच्या गणपतीची शपथ, मुठा युनायटेडची शपथ. तिसऱ्या शपथेला दोघंही हसले होते.

आता ती एकोणतीस वर्षांची होती, वाघोलीत अकराव्या मजल्यावर राहत होती, मांडीवर दहा महिन्यांची अल्मास एकशे एक तापानं फणफणत होती, आणि दुधाच्या पावडरच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर सहा वर्षांनी पुन्हा तोच जांभळा शर्ट धावत होता. पस्तिसावं मिनिट. शून्य-शून्य. कॅमेरा मैदानावरून कंटाळल्यासारखा उचलला गेला आणि पूर्वेच्या स्टँडवरून फिरला. ढोल दिसला, ढोलामागे श्याम दिसला, पोट सुटलेला. हात वर करून ओरडणारा रियाज दिसला, तिचा नवरा, सकाळी इस्त्रीचा शर्ट टाकून जुनी विरलेली जर्सी घालून गेलेला. आणि त्याच्या शेजारी एक रिकामी खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर जांभळं उपरणं टाकलेलं. दोन सेकंद, फार तर तीन. मग चेंडू पुन्हा मैदानात आला आणि समालोचक कुणाच्या तरी घोट्याबद्दल बोलू लागला.

 नसीम उठली नाही. अल्मासच्या कपाळावरची ओली घडी उलटी करून ठेवली. खुर्चीवर उपरणं म्हणजे माणूस येतोय. ही त्यांची जुनी रीत. ज्याला उशीर होणार असेल त्याची जागा उपरण्यानं धरायची, त्यावर कुणी बसायचं नाही, कुणी काही विचारायचं नाही. हिंजवडीतून निघालेला माणूस पोचायला दुसरा अर्धा उजाडतो हे सगळ्यांना ठाऊक. पण काकांच्या खुर्चीवर उपरणं तिनं कधी पाहिलं नव्हतं. एकशे बेचाळीस सामने, आणि काका दर वेळी पहिल्या शिट्टीच्या तासभर आधी हजर. लोकं त्यांच्याकडे बघून घड्याळ लावत.

रिकाम्या खुर्चीकडे बघून तिला भीती वाटली हे खरं, पण तिला कशाची भीती वाटत नाही? या प्रश्नाचं उत्तर रियाज बोटांवर मोजून द्यायचा. गॅसचा वास येतो म्हणून तिनं सोसायटीच्या वॉचमनला दोनदा वर बोलावलं होतं. वास शेजारच्यांच्या मुळ्याच्या भाजीचा निघाला. बाळ श्वास घेत नाही म्हणून तिनं गाढ झोपलेल्या अल्मासला हलवून हलवून उठवलं होतं. लिफ्टची दोरी, गच्चीचा कठडा, नगर रस्त्यावरचे कंटेनर, डासांची वडी. रियाज आधी समजूत काढायचा, मग हसायचा, आणि हल्ली नुसता हात वर करून लाइनमनसारखा उभा राहायचा. ‘ऑफसाइड, नसीम.’ ती पण हसायची. पण मागच्या महिन्यात अल्मासला तापात आचके आले, डोळे पांढरे झाले, ते नेमके ती निवांतपणे कांदा चिरत होती तेव्हा. त्या दिवसापासून तिच्या मनानं एक नियम धरला होता: आपण ज्याला भितो ते होत नाही, आणि जे होतं ते पाठीमागून येतं. म्हणून ती आता सगळीकडे बघत राहायची. एकाही गोष्टीकडे पाठ करायची नाही.

नव्वद मिनिटं ती कशालाही भीत नसे, असा एक काळ होता. कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. कॉलेजातल्या रियाजनं पहिल्यांदा तिला ओढून नेलं तेव्हा ती गर्दीच्या भीतीनं दाराशीच थांबली होती. मग दिसलं की गर्दी कसली, चाळीस-पन्नास डोकी, आणि समोर एक फलक: ‘दुपारची झोप मोडून आलो आहोत. निदान एक गोल.’ त्या फलकावरून टोळीचं नावच पडलं, झोपमोडे. फलक लिहिला होता मांजरी गावच्या एका उंच, वाकलेल्या, पांढऱ्या शर्टातल्या गृहस्थांनी, म्हणजे दीनानाथकाकांनी, ज्यांनी पस्तीस वर्षं साखर संस्थेच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसातली साखर मोजली होती, लग्न केलं नव्हतं, आणि क्लबच्या अगदी पहिल्या सामन्यापासूनचा इतिहास निळ्या वह्यांत ठेवला होता. पहिला सामना: शून्य-तीन, हार, प्रेक्षक एकोणीस, त्यात दोन पोलीस आणि एक चुकून आलेला. पहिला विजय चौथ्या सामन्यात. तिसऱ्या वर्षी देशात तिसरा क्रमांक. पाचव्या वर्षी शेवटच्या दिवशी गेलेलं विजेतेपद, त्या पानावर काकांनी फक्त तारीख लिहिली होती आणि बाकी पान कोरं सोडलं होतं. ढोल सुरू झाला की नसीमच्या छातीतला ठोका ढोलाच्या ठोक्यात मिसळून जायचा, आणि वेगळा ऐकू यायचाच नाही. ती काकांना म्हणायची, ‘हा स्टँड पडला तर?’ काका वही उघडायचे. ‘एकशे अकरा सामने. स्टँड पडला: शून्य वेळा. चेंडू हरवला: चार वेळा. तुला चेंडूची भीती वाटायला हवी.’ असं तिच्या भीतीशी दुसरं कुणी बोललं नाही. सगळे तिला घाबरू नको म्हणायचे. काका भीतीचा हिशोब मांडून द्यायचे आणि मग दोघं सामना बघायचे.

मग मालकांनी एका पानाचं पत्र काढून क्लब बंद केला. बांधकामाची कंपनी होती, त्यांना खेळाचा कंटाळा आला असावा. सहा वर्षं. त्या सहा वर्षांत नसीमचं लग्न झालं, नोकरी सुटली, अल्मास झाली, आणि भीती ठेवायला जागाच उरली नाही. ती घरभर पसरली. यंदा हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअरवाल्यानं जुनं नाव, जुना जांभळा रंग विकत घेतला आणि संघ खालच्या विभागात उतरवला. आज शनिवार, दुपारी साडेतीनला पहिला सामना. झोपमोड्यांच्या ग्रुपवर आठवडाभर नुसता उत्सव. आणि त्या उत्सवाच्या मधोमध काकांचा उपास.

उपास जुना. क्लबच्या पहिल्या तीन सामन्यांत आपला एकही गोल झाला नव्हता. चौथ्या सामन्याला काका घाईत न जेवता आले आणि मुठानं बाराव्या मिनिटाला गोल केला. झालं. तेव्हापासून सामन्याच्या दिवशी काका सकाळपासून अन्नाला शिवायचे नाहीत, आपला पहिला गोल होईपर्यंत. गोल झाला की आख्खा स्टँड त्यांच्याकडे वळून ओरडायचा, ‘काका, जेवा!’ आणि काका डबा उघडून दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी सगळ्यांच्या साक्षीनं खायचे. वर्तमानपत्रात एकदा फोटोही आला होता. गंमत म्हणूनच सगळे बघायचे. उपास सगळ्यांना माहीत होता. इन्सुलिन फक्त नसीमला. त्या शून्य-शून्यनंतर तिनं त्यांच्याशी भांडून तह केला होता: उपासाच्या दिवशी इंजेक्शन अर्धं, मध्यंतराला खिशातला ग्लुकोजचा बिस्किटपुडा, गुपचूप. काकांनी मान्य केलं, कारण क्लबनं नंतर गोल भरपूर केले आणि तहाची परीक्षा फारशी झाली नाही.

तिनं फोन उचलला. सामना बंद केल्याशिवाय फोन लावता येत नव्हता; सामना बंद केला तर गोल झालेला कळणार नव्हता. या एवढ्याशा अडचणीनं तिचा अंगठा पडद्यावर थांबला. मग तिनं लावला. काकांचा फोन वाजत राहिला. चौदा वेळा वाजला, तिनं मोजलं. पुन्हा लावला. काका सामन्यात फोन उचलत नाहीत, जगाला माहीत आहे, तिला तर आहेच. पण काका सामन्यात नाहीत. हे दुसरं वाक्य तिच्या मनात पहिल्या वाक्याला येऊन धडकलं, आणि तिनं रियाजला लावला. चौथ्या वेळी त्यानं उचलला. मागे ढोल, शिट्ट्या, समुद्रासारखा आवाज.

‘ताप वाढला का?’

‘नाही. रियाज, काका कुठे आहेत?’

‘काय?’

‘काका! खुर्चीवर उपरणं आहे!’

‘येतायत ना! रस्त्यात असतील. श्याम म्हणतो हडपसरला मरणाचा ट्रॅफिक आहे!’

‘तुला फोन आला का त्यांचा?’

‘अगं, ते कधी फोन करतात? नसीम, बार लागला आत्ता, बार! काय शॉट होता, तू बघितलास का?’

‘रियाज, कुणाला तरी मांजरीला पाठव. मला नाही बरं वाटत.’

ढोल थांबला होता की काय कोण जाणे, रियाजचा आवाज अचानक जवळ आला, आणि त्यात ती ओळखायची तो थकवा होता. ‘जान, सहा वर्षांनी एक दिवस. एक दुपार. इथून मांजरी म्हणजे दीड तास. काका सत्तरीचे आहेत, सात वर्षांचे नाहीत. तू अल्मासचं बघ. हं?’ आणि मग, हसत, अगदी प्रेमानं, ‘ऑफसाइड.’

तिला तेव्हाच सांगता आलं असतं. इन्सुलिन हा एक शब्द. तो ओठांपर्यंत आला होता. पण तिच्या कानात ‘हळू बोल’ होतं, आणि शिवाय असंही होतं की इतक्या वेळा हात वर झाल्यावर माणूस स्वतःच आपल्या पायांकडे बघू लागतो, आपण खरंच रेषेच्या पलीकडे होतो का. तिनं फोन ठेवला. सामना परत लावला. मध्यंतर झालं होतं. पडद्यावर सिमेंटची जाहिरात.

अल्मास कण्हली. नसीमनं तिला खांद्यावर घेतलं आणि खोलीत येरझारा घालू लागली, खिडकीपासून दारापर्यंत नऊ पावलं. खाली वाघोलीचा तिठा, त्यापलीकडे अर्धवट इमारती. ती सकाळचं आठवू लागली, बारकाईनं, आपण दाराला कुलूप लावलं का हे माणूस आठवतो तसं. अकराला तिनंच काकांना फोन केला होता. काका खुशीत होते. आवाज जरा जड होता, झोपेतून उठल्यासारखा, तिला वाटलं रात्रभर आनंदानं झोपले नसतील. ‘इंजेक्शन?’ ‘झालं आठला.’ ‘अर्धं ना?’ यावर काका काय म्हणाले होते? काहीतरी टोलवलं होतं. ‘सहा वर्षं रोज वेळेवर जेवतोय. कंटाळा आलाय गं त्याचा.’ ती म्हणाली होती, ‘काका, निदान बिस्किट...’ आणि काका म्हणाले होते, ‘आज तडजोड नाही. पहिला सामना आहे. पहिल्या सामन्याला आपण काय झोडपलं होतं त्यांना! दोन-एक!’ मग अल्मास रडली. मग नसीमनं ‘निघताना फोन करा हं’ म्हटलं आणि फोन ठेवला.

ती खोलीच्या मधोमध थांबली.

दोन-एक. पहिला सामना शून्य-तीन होता. प्रेक्षक एकोणीस. हे तिलाही पाठ होतं. काका ते चुकणं शक्यच नव्हतं. स्वतःचं नाव चुकले असते, गोत्र चुकले असते. तेव्हा अकरा वाजले होते. त्यांच्या रक्तातली साखर तेव्हाच उतरायला लागलेली होती, आणि ते तिला सांगत होते, त्यांना माहीत नसताना, जमेल तसं, आकड्यात सांगत होते, आणि ती लंगोट शोधत होती. दोन वाजता त्यांचा ‘निघालो’ असा फोन आला नाही हेही तिच्या लक्षात आलं होतं. लक्षात आलं होतं! आणि तिनं स्वतःलाच रियाजच्या आवाजात हटकलं होतं. आता चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. जवळजवळ साडेपाच तास.

पुढची दहा मिनिटं तिला नंतर नीट आठवली नाहीत. तापाचं औषध, थर्मामीटर, दुपटं, पाण्याची बाटली, साखरेचा डबा आख्खाच, मधाची बाटली. लिफ्टमध्ये तिनं दोरीचा विचार केला नाही. गेटवर रिक्षावाला भैरू उभा होता, सोसायटीतल्या पोरांना शाळेत सोडणारा, तिला ओळखणारा.

‘ताई, बाळाला दवाखान्यात?’

‘मांजरीला. पुलावरून. लवकर.’

‘त्या रोडला उसाच्या ट्रॉल्या हायेत आज. येळ लागंल.’

‘चला तरी.’

रिक्षात तिनं एकशे आठला फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे विचारत होती आणि नसीम उत्तरं देत होती. पेशंट तुमच्यासमोर आहे का? नाही. शेवटचं बोलणं कधी झालं? अकराला. काय झालंय? आणि इथं तिला स्वतःचं उत्तर ऐकू आलं: ‘ते एका फुटबॉल सामन्याचा स्कोअर चुकीचा बोलले.’  मग ती भानावर येऊन भराभरा बोलली, मधुमेह, इन्सुलिन, सकाळपासून उपाशी, एकटे राहतात, पत्ता. गाडी निघतेय, बाई म्हणाली. नसीमला रडू आलं. तिच्या भीतीवर पहिल्यांदाच कुणी नुसतं ‘निघतेय’ म्हटलं होतं. मग तिनं उल्काला लावला. नाशिकचा नंबर कधीकाळी काकांनीच दिला होता. तो आता अस्तित्वात नव्हता, आणि काकांच्या शेजाऱ्यांपैकी कुणाचाच नंबर तिच्याकडे नव्हता.

नदीच्या अलीकडे रस्ता थांबला. भैरू बाहेर डोकावला आणि खाली उतरून पुढे जाऊन आला. ‘ट्रॉली आडवी झालीय पुलाच्या तोंडावर. सगळा ऊस रोडवर. दोन्हीकडनं बंद हाय.’ पुढे माणसं ऊस उचलत होती, काही पोरं मोळीतून कांड्या ओढून खात होती. गोडसर, आंबूस वास रिक्षाभर पसरला. इतकी साखर, रस्त्यावर चिखलासारखी पडलेली, चाकांखाली चेचली जात असलेली.  अल्मासचे ओठ कोरडे होते, पण ती जागी होती आणि उसाकडे बघत होती. तिला उचलून चालत निघावं का? पुलापासून काकांची इमारत तीन किलोमीटर. उन्हात, तापाच्या बाळाला घेऊन. आचके आले तर? रस्त्याच्या कडेला, उसाच्या पाचोळ्यात, एकटीनं? तिनं एक पाय खाली टाकला आणि परत वर घेतला. पुन्हा टाकला. एका हाताला आगीसारखं अंग, आणि दुसरीकडे, नदीपलीकडे, थंड घामानं ओलं झालेलं दुसरं अंग, आणि तिला दोन्ही एकाच वेळी स्पष्ट जाणवत होती.

‘भैरूभाऊ, ॲम्ब्युलन्स दिसतीये का मागे?’

‘आवाज येतोय. पण लांब हाय, ताई. कंटेनरच्या मागं.’

तिनं सामना लावला. का लावला, तिला सांगता आलं नसतं. एकाहत्तरावं मिनिट, चित्र अडकत अडकत चाललेलं. ती मोठ्यानं म्हणाली, ‘या अल्ला, एक गोल.’ भैरूनं आरशातून पाहिलं. ही आईच अशी कशी, तापानं लालबुंद लेकराला मांडीवर घेऊन बॉलची मॅच बघणारी, असं त्याच्या डोळ्यांत दिसलं. दिसू दे. तिला त्या क्षणी खरोखर वाटत होतं की गोल झाला तर काका उठतील. त्या बंद घरात, जमिनीवर असतील, पलंगाला टेकून असतील, पण गोल झाला की त्यांना कळेल, सहा वर्षांच्या झोपेतून माणूस उठतो तसे ते उठतील आणि डबा उघडतील. तिच्यातली शिकलेली बाई बाजूला उभी राहून हे ऐकत होती आणि तीसुद्धा हात जोडून होती. डावीकडून एक लांब पास, एक नवा पोरगा, ज्याचं नाव अजून कुठल्याच वहीत नव्हतं, डोकं, जाळी.

रिक्षात आवाज नव्हता, तिनं तो बंद ठेवला होता. जांभळी माणसं एकमेकांवर कोसळली. कॅमेरा पूर्वेच्या स्टँडवर गेला. सगळे उड्या मारत होते, आणि उड्या मारता मारता त्यांची तोंडं सवयीनं एकाच बाजूला वळली, खुर्चीकडे, उपरण्याकडे. तिला ओठ वाचता आले. मग फोन मांडीवर थरथरायला लागला आणि थांबेचना. झोपमोडे ग्रुप. ‘काका, जेवा!’ ‘जेवा हो काका, ट्रॅफिकमध्येच डबा उघडा!’ ‘काका आज डबल पोळी!!’ ‘उपास फळला!’ श्यामनं ढोलाचा आवाज पाठवला. रियाजनं लिहिलं, ‘काका कुठे आहात, जागा धरलीय, जेवून घ्या.’ हसणारे पिवळे चेहरे, नाचणारे, जांभळी हृदयं. एकामागून एक, साठ, सत्तर. तिनं वर सरकवत सरकवत काकांचं नाव शोधलं. त्यांचा शेवटचा निरोप सकाळी दहा छप्पन्नचा होता: ‘तयार.’ त्याखाली आता सगळा स्टँड एका न उठणाऱ्या माणसाला जेवायला बोलावत होता, आणि कुणालाच ते माहीत नव्हतं.  तिला वाटलं आपण मोठ्यानं ओरडलो, पण अल्मास शांत होती.

तिनं वचन मोडलं. आधी ग्रुपवर, एका ओळीत: काकांना मधुमेह आहे, ते इन्सुलिन घेतात, सकाळपासून उपाशी आहेत, हसू नका, निघा. पण ते बालेवाडीला होते, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि ती पुलाच्या या बाजूला. मग तिनं तोच निरोप पुन्हा लिहायला घेतला, आता कुणासाठी हे न ठरवता. सोसायटीचा ग्रुप, आयांचा ग्रुप, कॉलेजची बॅच, जुन्या ऑफिसातल्या बायका. ज्यांनी तिला कधीकाळी घाबरट म्हटलं होतं ते, आणि त्यांच्याकडून पुढे ज्यांना ती कधीच ओळखणार नव्हती ते. डाव्या हातानं बाळाला धरून उजव्या अंगठ्यानं ती लिहीत गेली, चुका न सुधारता:

तुम्ही हे वाचत असाल आणि मांजरीत असाल, नदीच्या त्या बाजूला असाल, तर कृपा करून आत्ता उठा. स्टेशनच्या रस्त्यावर पाण्याची टाकी आहे, तिच्यामागे पिवळी चार मजली इमारत. तिसरा मजला, जिन्यासमोरचं दार. त्यांचं नाव दीनानाथ. उंच आहेत, थोडे वाकलेले. दारावर हातानं लिहिलेली पाटी असेल, ‘सामना चालू आहे. आग लागली तरच कडी वाजवा.’ ती वाचून हसू नका आणि परत फिरू नका. कडी वाजवा. आतून शिव्या आल्या तर माझ्याकडून माफी मागा आणि मला कळवा, मी आयुष्यभर तुमचे उपकार मानीन. काहीच आलं नाही तर शेजाऱ्यांना बोलवा, दार फोडा. शुद्धीत नसतील तर तोंडात पाणी ओतू नका. कुशीवर करा, साखर किंवा मध बोटानं गालाच्या आतून चोळा, थोडा थोडा. ॲम्ब्युलन्स येतेय, पण ती माझ्याच मागे अडकली आहे. मी भित्री आहे, ते मला ओळखणारे तुम्हाला सांगतीलच. त्यांना विचारत बसू नका. आधी जाऊन बघा.